लेण्यातला दानलेख हिशेबासारखा वाचा

बौद्ध समाजाचा अभ्यास बहुतेक जण ग्रंथांपासून सुरू करतात. मठ कसा चालावा हे ग्रंथ सांगतात. प्रत्यक्षात पैसा कुठून येई हे दानलेखांत, म्हणजे दानाची नोंद कोरलेल्या लेखांत, सापडतं. सरावाला नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या 10 क्रमांकाच्या लेण्यातला उषवदाताचा लेख घ्या. तो क्षत्रप नहपानाचा जावई. कोरीव लेख छापणाऱ्या ‘एपिग्राफिया इंडिका’ या मालिकेच्या 8व्या खंडात या लेखाचा ठसा (दगडावरून घेतलेली छाप) आणि वाचन, दोन्ही मिळतात.

आधी ठसा पाहा, मग छापील वाचन, भाषांतर सगळ्यात शेवटी. या ब्राह्मीत जोडाक्षरातलं द्वित्त सहसा लिहीत नाहीत, म्हणून ‘सिधं’ म्हणजे सिद्धं. नंतर वहीत रकाने आखा: दाता, नातं, गाव, धंदा, दान, घेणारा, वर्ष, अटी. लेखात नसलेला रकाना कोराच ठेवा, अंदाजाने भरू नका.

आता आकडे. संघाला 3000 कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल न मोडायची ठेव. त्यांतले 2000 नाशिकजवळच्या गोवर्धनच्या एका कोलिकनिकायाकडे, म्हणजे कोलिकांच्या श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे), दरमहा शेकडा 1 व्याजाने. उरलेले 1000 दुसऱ्या कोलिकनिकायाकडे, शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीचं व्याज महिन्याला 20, वर्षाला 240. लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्खूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी 12 म्हणजे नेमके 240. हिशेब जुळला, म्हणजे आकड्यांचं वाचन बरोबर असावं. दुसऱ्या ठेवीचे वर्षाला 90 होतात, ते ‘कुशणमूला’साठी, या शब्दाच्या अर्थावर मतभेद आहेत, तेव्हा तो वहीत मूळ रूपातच लिहा. नोंदणीची ओळ बरेच जण वगळतात, पण मोलाची तीच: हे सारं निगमसभेत ऐकवलं आणि फलकावर नोंदवलं. शहराची सभा मठाच्या ठेवीची साक्षीदार होती.

मराठी वाचक हमखास अडखळतो तो ‘कोलिक’ या शब्दाशी. हे मासेमार कोळी नव्हेत. संस्कृतातला कौलिक, म्हणजे विणकर. चीवराचा पैसा विणकरांच्या श्रेणीकडे ठेवला होता!

दुसरी चूक वर्षाची. लेखातलं ‘वसे 42’, म्हणजे वर्ष 42, हे शक संवत् धरलं तर इसवी सनाच्या 120च्या आसपास येतं. नहपानाचं राज्यवर्ष धरलं तर काळ बदलतो. वहीत 42 एवढंच लिहा, इसवी सन वेगळ्या रकान्यात आणि गृहीतकासह.

तिसरी चूक जास्त महाग पडते: संघाला दान दिलं म्हणून दात्याला ‘बौद्ध’ ठरवणं. याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात उषवदात देवांना आणि ब्राह्मणांना दिलेली दानं अभिमानाने मोजतो, त्यांत 3 लाख गायी. दान ही कृती आहे. धर्माचा रकाना त्यावरून भरता येत नाही.

एक लेख जमला की कार्ल्याला जा. तिथे चैत्यगृहाचे खांब निरनिराळ्या लोकांनी दिले आहेत, त्यांत धेनुकाकट या गावचे यवनही (त्या काळी ग्रीकांसाठीचा शब्द) आहेत. मात्र मोजताना लेख आणि माणसं वेगळी मोजा: एकच दाता दोन लेखांत असू शकतो आणि एका लेखात सगळं कुटुंब.