फेरारी एफ४३०मध्ये क्लच पेडल आणि गिअरचा दांडा बसवताना

स्टिअरिंगमागच्या पॅडलवर, म्हणजे बोटांनी ओढून गिअर बदलायच्या पट्ट्यांवर, चालणारी सुपरकार क्लच आणि दांड्यावर आणायची असेल, तर तिच्या गिअरबॉक्सची जात कोणती हे सर्वांत आधी ओळखावे, कारण काम होणार की नाही हे तिथेच ठरते. फेरारीने १९९७ मध्ये एफ३५५ या गाडीत ‘एफ-वन’ नावाची जी प्रणाली रस्त्यावर आणली आणि पुढे ३६० व एफ४३० या गाड्यांतही वापरली, तिला बोलण्यात ऑटोमॅटिक म्हटले जात असले तरी मुळात तो एकाच क्लचचा साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे; फक्त चालकाच्या पायाचे आणि हाताचे काम तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा करते. त्याच गाड्या कारखान्यातून तीन पेडलांसहही विकल्या जात होत्या, त्यामुळे लागणारा प्रत्येक भाग मूळ आराखड्यात अस्तित्वात आहे. लॅम्बोर्गिनी गॅलार्डोचे ‘ई-गिअर’ याच जातीचे.

२००९ मध्ये आलेल्या फेरारी ४५८ इटालियाची गोष्ट वेगळी आहे. तिच्या दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्ये विषम गिअर एका क्लचवर आणि सम गिअर दुसऱ्यावर असतात व पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला असतो, त्यामुळे एक पाय आणि एक दांडा यांनी ती रचना चालवता येत नाही. लॅम्बोर्गिनी अ‍ॅव्हेंटाडोरमध्ये क्लच एकच असला तरी गिअरबॉक्सच्या आतले, गिअर निवडणारे दांडे स्वतंत्रपणे आणि एकाच वेळी हलू शकतात, म्हणून तीही या कामासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील विवेचन एफ४३०पुरते आहे.

सुटे भाग जमवताना गाडीचे स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे याचा विचार प्रथम करावा. भारतात किंवा ब्रिटनमध्ये चालणाऱ्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला अमेरिकेतल्या गाडीतून काढलेला पेडलांचा संच बसेल असे गृहीत धरणे महागात पडते, कारण पेडलांची चौकट आणि क्लचच्या नळीचा मार्ग दोन्ही बदलतात. क्लच पेडलासह पूर्ण चौकट, ब्रेकचे अरुंद पेडल, क्लचचा मास्टर सिलिंडर (पेडलाचा दाब नळीतल्या द्रवावर आणणारा भाग) आणि नळी, मॅन्युअल गाडीचे रिलीज बेअरिंग (त्या दाबाने क्लच सोडवणारा भाग), खाचांची धातूची पट्टी व तिच्यातला दांडा, दोन गिअर केबल आणि गिअरबॉक्सवर केबल जोडण्याची यंत्रणा एवढे सर्व हाताशी आल्याशिवाय गाडी उघडू नये. अर्धवट उघडून महिनोन्महिने उभी राहिलेली गाडी पाहवत नाही.

बॅटरी सोडवल्याशिवाय एकही नळी सैल करू नये. या गाड्यांत चालकाचे दार उघडताच तेलाचा पंप आपोआप सुरू होतो, आणि इंजिन बंद असतानाही अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे तेलाचा दाब साठवणाऱ्या डब्यात, दाब साठलेला राहतो. तो दाब रीतसर उतरवून मगच पान्याला हात घालावा.

गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे असतो आणि क्लच त्या दोहोंच्या मध्ये. रिलीज बेअरिंगपर्यंत पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, त्यामुळे त्याच वेळी क्लचप्लेट, फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील तपासून घ्यावे. एफ-वन यंत्रणेचे तेल आणि क्लच पेडलासाठी लागणारे ब्रेक फ्लुइड हे दोन वेगळे पदार्थ असून एकाला चालणारे रबरी सील दुसऱ्यात फुगतात किंवा खराब होतात. जुने बेअरिंग धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह म्हणूनच टाळावा; ते गळू लागले तर सगळा गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल.

३६०मध्ये पंप, टाकी आणि अ‍ॅक्युम्युलेटर असा सगळा संच काढून टाकता येतो. एफ४३०मध्ये तसे करता येत नाही, कारण तिचे ई-डिफ, म्हणजे मागच्या दोन चाकांमध्ये ताकद वाटून देणारे इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल, त्याच तेलाच्या दाबावर चालते आणि कारखान्यातून आलेल्या मॅन्युअल एफ४३०मध्येही ते होतेच. इथे फक्त गिअर आणि क्लचकडे जाणाऱ्या वाटा बंद करायच्या, पंप जागेवर ठेवायचा आणि ई-डिफचे नियंत्रण मॅन्युअल गाडीच्या वायरिंग आराखड्यानुसार जोडायचे. ३६०चे काम केलेला कारागीर एफ४३० हाती घेणार असेल, तर त्याला याबद्दल आधी विचारावे. त्याच्या उत्तरावरून त्याची तयारी कळते.

केबल केबिनपासून इंजिनाच्या बाजूने मागे जातात, म्हणून एक्झॉस्टच्या उष्णतेपासून त्यांना आवरण द्यावे आणि कुठेही तीव्र वळण पडू देऊ नये. पट्टीतला दांडा न्यूट्रलमध्ये अगदी मध्यावर उभा राहील अशी केबलची लांबी आधी जुळवावी, मग इंजिन बंद ठेवून सहाही गिअर आणि रिव्हर्स लावून पाहावेत. दांडा खाचेच्या कडेला घासत असेल तर कानस चालवू नये. दोष जुळणीत असतो.

खरी परीक्षा सॉफ्टवेअरची आहे. इंजिनाच्या कंप्युटरला ‘ही गाडी मॅन्युअल आहे’ असे नव्या प्रोग्रॅमिंगने सांगितले नाही, तर तो नसलेल्या गिअर यंत्रणेचे संकेत शोधत राहतो, डॅशबोर्डवर इशारे पेटतात आणि गाडी सुरूही होणार नाही. क्लच पेडलाचा स्विच, रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच आणि स्टार्टरची अट हे तिन्ही मूळ मॅन्युअल गाडीप्रमाणे चालले पाहिजेत. प्रतिरोधक लावून कंप्युटरला फसवण्याच्या युक्त्या मला मान्य नाहीत, कारण तशा गाडीत पुढे खरा बिघाड झाला तरी तो कुणाला सापडत नाही.

क्लचच्या नळीतली हवा पूर्ण काढून पेडल घट्ट झाल्यावर गाडी लिफ्टवरच, चाके अधांतरी ठेवून, प्रत्येक गिअरमध्ये चालवून पाहावी. रस्त्यावरची पहिली फेरी मोकळ्या, सपाट जागी घ्यावी आणि काहीशे किलोमीटरनंतर केबलची जुळणी व नळ्यांचे जोड पुन्हा तपासावेत.

महाराष्ट्रात नोंदलेल्या गाडीबाबत कामापूर्वीच आरटीओ आणि विमा कंपनी यांच्याकडून लेखी उत्तर घ्यावे, कारण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. काढलेला प्रत्येक भाग, अगदी पॅडल आणि त्यांचे स्क्रूसुद्धा, चिठ्ठ्या लावून पेटीत जपून ठेवावेत आणि गाडी विकताना ती पेटी व कामाची छायाचित्रे नव्या मालकाच्या स्वाधीन करावीत.