जुन्या मोटारसायकलचा बोअर : आधी मोजमाप, मग रिबोअर

जुने इंजिन धूर सोडू लागले की ब्लॉक (सिलिंडरचा भाग) उतरवून तो थेट रिबोअरला, म्हणजे बोअर (पिस्टन ज्यात वरखाली सरकतो ते भोक) कापून मोठा करायला, पाठवण्याची घाई अनेकांना होते. बोअरमधून एकदा कापलेला धातू परत येत नाही आणि प्रत्येक रिबोअरबरोबर ब्लॉकचे उरलेले आयुष्य घटते, हे लक्षात घेता दोष नेमका बोअरमध्येच आहे का, याची खात्री आधी करून घ्यावी. फोर-स्ट्रोक इंजिन गरम असताना थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजावे आणि मग प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. दुसऱ्या वेळी आकडा बराच वाढला तर गळती पिस्टनभोवतीची रिंग आणि बोअर यांच्यामधून होत आहे असे समजावे; तो जवळपास तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट तपासावे.

ब्लॉक उतरवल्यावर सर्वप्रथम बोअरचे अस्तर कशाचे आहे ते ओळखावे, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर अवलंबून असतो. पूर्ण बिडाच्या ब्लॉकमध्ये वेगळे अस्तर नसते. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बहुधा बिडाचा लायनर (नळीसारखे वेगळे अस्तर) बसवलेला असतो. ब्लॉकच्या तळाशी दोन धातूंमधील गोल सांध्याची रेघ दिसते आणि बोअरला लोहचुंबक घट्ट चिकटते. तिसरा प्रकार ॲल्युमिनियमवर थेट चढवलेल्या मुलाम्याचा. १९७०च्या दशकातील मोटो गुझीच्या अनेक इंजिनांत बोअरला क्रोमचा मुलामा होता आणि वय झाल्यावर तो पापुद्र्यांनी सुटण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे. माले कंपनीने १९६७ मध्ये आणलेला निकासिल हा निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडच्या कणांचा थर त्याहून पुष्कळ टिकाऊ ठरला. मुलामा कोणताही असो, त्याची जाडी जेमतेम दशांश मिलिमीटर असते, त्यामुळे असा बोअर ओव्हरसाइज (मूळ मापाहून मोठा) करता येत नाही. क्रोमच्या बोअरमध्ये क्रोमची रिंग कधीही घालू नये.

झीज सर्वत्र सारखी होत नाही. पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबतो तेव्हा रिंगखालचा ऑइलचा पातळ पडदा तुटतो, आणि नेमक्या त्याच वेळी जळत्या वायूचा दाब रिंगला भिंतीवर सर्वाधिक जोराने रेटत असतो. थंड इंजिनात भिंतीवर साचणारे आम्लयुक्त पाणीही याच भागाला खाते. थोड्या थोड्या अंतरासाठी वापरली जाणारी गाडी लवकर झिजते ती यामुळेच. परिणामी सर्वात वरच्या रिंगच्या थांब्यावर खळगा पडतो आणि त्याच्या वर न झिजलेली कडा उरते, जी नखाला सहज जाणवते. शिवाय कनेक्टिंग रॉडच्या तिरकसपणामुळे पिस्टन गजन पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनेच्या) काटकोनातील भिंतींवर दाबला जातो, म्हणून बोअर लंबगोलही होतो.

बोअर गेज असेल तर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांनी, अशी सहा मापे घ्यावीत. ते नसेल तर एक जुनी रिंग आणि फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) यांवर बरेच काम भागते. रिंग पिस्टनने ढकलून आधी बोअरच्या अगदी तळाशी, जिथे एरवी रिंग पोहोचत नाही तिथे, सरळ बसवावी आणि तिच्या टोकांमधील फट मोजावी. मग तीच रिंग वरच्या खळग्यात बसवून पुन्हा फट मोजावी. दोन मापांमधील फरकाला ३.१४ ने भागले की व्यासातील झीज मिळते. तळाशी फट ०.३० मिमी आणि वर ०.६१ मिमी असेल, तर व्यास सुमारे ०.१० मिमीने वाढला आहे. या युक्तीची मर्यादा अशी की रिंग परिघ मोजते, त्यामुळे लंबगोलपणा तिच्या आकड्यात लपून राहतो.

मॅन्युअलमधील मर्यादा उपलब्ध असेल तर तीच अंतिम मानावी. नसेल, तर ७० मिमीच्या आसपासच्या बिडाच्या बोअरमध्ये ०.१० मिमीपर्यंत पोहोचलेली झीज मी रिबोअरला पुरेशी मानतो. त्याहून बरीच कमी झीज असेल आणि भिंतीवर उभे ओरखडे नसतील, तर हलके होनिंग (दगडाने भिंत बारीक घासणे) आणि नव्या रिंग यांवर भागवावे. मात्र अशा वेळी वरची कडा काढून टाकणे विसरू नये, कारण नव्या रिंगची धारदार कड तिच्यावर आदळली की रिंग तुटते.

रिबोअर ठरलाच तर आधी पिस्टन हातात घ्यावा आणि मगच ब्लॉक वर्कशॉपला द्यावा. मी एकदा उलट क्रम केला, आणि कापलेल्या मापाचा पिस्टन मिळेना म्हणून पुढच्या ओव्हरसाइजपर्यंत धातू वाया घालवावा लागला. पिस्टन वरून निमुळता आणि मुद्दाम लंबगोल घडवलेला असतो, म्हणून त्याचे माप स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या भागावर), गजन पिनच्या काटकोनात घ्यावे. पिस्टन उत्पादकाने दिलेला क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअर यांमधील फट) वर्कशॉपला लिहूनच द्यावा. टू-स्ट्रोकमध्ये होनिंगनंतर पोर्टच्या (बोअरच्या भिंतीतील वायूच्या खिडक्यांच्या) कडा हलक्या घासून गोल करून घ्याव्यात, नाहीतर रिंग तिथे अडकते.

शेवटचा ओव्हरसाइजही संपला असेल तर नवा लायनर बसवून मूळ मापावर परतता येते. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे ब्लॉक तापवला की लायनर सहज आत सरकतो, पण त्याच कारणाने चालत्या इंजिनात ब्लॉकची पकड सैलही होऊ शकते. दाबून बसवण्यासाठी ठेवलेला मापातील फरक म्हणूनच काटेकोर असावा लागतो, आणि हे काम अनुभवी हातांकडेच सोपवावे. मुलामा सुटलेल्या बोअरला नव्याने निकासिल चढवून घेणे किंवा जाडी पुरेशी असल्यास बिडाचा लायनर बसवणे, असे दोनच मार्ग उरतात.

होनिंगनंतरची धुलाई सर्वात जास्त दुर्लक्षिली जाते. रॉकेल किंवा पेट्रोल दगडाची बारीक भुकटी पृष्ठभागावरच्या रेषांमधून पुरती काढत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश लागतो. पांढरे फडके फिरवून ते पांढरेच बाहेर येईपर्यंत धुवावे, आणि बीड काही मिनिटांत गंजू लागते म्हणून वाळताच ऑइल लावावे. इंजिन जोडल्यावर ते बराच वेळ उभ्या गाडीत आयडलवर ठेवू नये. रिंग भिंतीवर बसायला वायूचा दाब लागतो, म्हणून गाडी रस्त्यावर काढून थ्रॉटल मध्यम प्रमाणात उघडत आणि सोडत चालवावी, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा टॉर्कला घट्ट करावेत आणि फोर-स्ट्रोकमध्ये पहिले ऑइल काहीशे किलोमीटरांतच बदलावे.