जुनी एक्सटी उघडताय? आधी ५ आणि ६ नंबरचे खटके बघा

मागच्या पावसाळ्यात मामांच्या ऑफिसातला एक्सटी क्लोन (आयबीएमच्या एक्सटी या जुन्या संगणकाची नक्कल) दुरुस्तीला घेतला आणि धडधाकट हर्क्युलिस कार्ड (पडद्यावर चित्र दाखवणारं एक डिस्प्ले कार्ड) भंगारात घातलं. अजून हळहळ वाटते. तुमच्या हातून तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

स्क्रूड्रायव्हर, ब्रश, स्क्रूंसाठी वाटी तुमच्याकडे असेलच. पॉवरची वायर भिंतीवरच्या बोर्डातून काढा, आधी केसच्या पत्र्याला हात लावा, मग हात आत घाला. मॉनिटर मात्र उघडायचा नाही, बंद असला तरी पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून असतात.

आता मदरबोर्डवरचा (आतला मुख्य बोर्ड) डिप स्विच, म्हणजे आठ छोट्या खटक्यांची पट्टी, शोधा आणि काहीही हलवण्याआधी त्याचा फोटो काढा. आत्ताच काढा, नंतर राहून जातो. ५ आणि ६ नंबरचे खटके मशीनला सांगतात की डिस्प्ले कार्ड कुठलं आहे. दोन्ही ऑफ म्हणजे मोनोक्रोम (एकरंगी), हर्क्युलिसही त्यातच. दोन्ही ऑन म्हणजे स्वतःचं बायॉस (कार्डातच साठवलेला प्रोग्राम) असलेलं ईजीए किंवा व्हीजीए, ही नंतरची रंगीत कार्डं. एक ऑन, एक ऑफ म्हणजे सीजीए, हे जुनं रंगीत कार्ड. मी सीजीए काढून हर्क्युलिस बसवलं आणि खटके तसेच ठेवले. एक लांब बीप, दोन छोटे, पडदा काळा. कार्ड गेलं असं धरून चाललो. महिन्याने दुसरं आणलं, तेही तसंच ओरडलं, तेव्हा कुठे नजर पाच-सहाकडे गेली. म्हणून पुन्हा सांगतो, कार्ड बदललं की पाच-सहा बदला. स्विचवर ‘ओपन’ छापलं असेल तर ती बाजू ऑफची. खटका पेन्सिलीने ढकलू नका, ग्रॅफाइटची भुकटी आत जाते आणि तिच्यातून वीज वाहते.

मॉनिटर कुठला तेही बघा. मोनो आणि सीजीए, दोन्हींचा प्लग ९ पिनांचाच, सहज बसतो. पण मोनोची आडवी वारंवारता (सेकंदाला पडद्यावर किती आडव्या रेघा काढल्या जातात) सुमारे १८.४ किलोहर्ट्झ, सीजीएची १५.७. आयबीएमचा ५१५१ मोनो मॉनिटर सीजीए कार्डाला जोडलात तर जळू शकतो. जोडण्याआधी केबलला चिठ्ठी चिकटवा.

कार्डाच्या सोनेरी कडा मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसा, वर आयसोप्रोपिल अल्कोहोल. मूळ आयबीएम ५१६० (क्लोन नाही, खरी एक्सटी) असेल तर पॉवर सप्लायजवळचा आठवा स्लॉट सोडून द्या, तिथे बरीच कार्डं चालतच नाहीत. मदरबोर्डाला पॉवरचे दोन प्लग लावताना काळ्या वायरी मध्ये, एकमेकींशेजारी.

पंखाच फिरत नसेल तर एखादा टँटलम कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) शॉर्ट असू शकतो, सगळी कार्डं काढून बघा. मग एकटं डिस्प्ले कार्ड. मेमरीचे आकडे पडद्यावर आले की बंद करा, फ्लॉपीचं कार्ड लावा, चालू करा. मग हार्ड डिस्कचं, मग उरलेली, एकेक करून. चालू मशीनमध्ये कार्ड घालायचं-काढायचं नाही. आणि मध्येच डिस्प्ले कार्ड बदललं तर पाच-सहा.