भिजलेला जीपीएस: आधी फ्यूज काढा

महाबळेश्वरहून उतरताना केळघर घाटात पावसाने गाठलं. आधी बाइकच्या हँडलवरच्या जीपीएसची, म्हणजे रस्ता दाखवणाऱ्या यंत्राची, काच आतून धुरकटली. मग नकाशा आपोआप लहान-मोठा व्हायला लागला, मध्येच भाषा बदलायचा मेनू उघडला. मेढ्यात टपरीपाशी गाडी लावली तर टपरीवाले दादा म्हणाले, "बंद करून परत चालू करून बघा की एकदा."

नेमकं हेच करायचं नाही. मी साताऱ्यात बरीच वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले, आणि भिजलेलं सामान घेऊन येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "तीन-चारदा चालू करून बघितलं हो." नुसत्या पाण्याने सर्किटचं फारसं वाकडं होत नाही. त्या पाण्यातून करंट खेळला की प्लसकडचं तांबं विरघळतं आणि पिनेच्या आसपास हिरवट होऊन बसतं. पावसाचं पाणी चाकाने उडवलेल्या चिखलातून आलेलं असेल तर आणखी लवकर.

म्हणून पहिलं काम वीज तोडायची. जीपीएस बंद करून क्रेडलमधून, म्हणजे तो ज्यात बसतो त्या खाचेतून, काढा. क्रेडलची वायर थेट बॅटरीवरून घेतलेली असेल तर गाडीची चावी काढली तरी तिच्यात करंट असतो, तेव्हा त्या वायरवरचा छोटा फ्यूजही काढा. बॅटरी सुटी होत असेल तर ती आणि मेमरी कार्ड बाहेर. चार्जिंगचं भोक खाली करून फडक्यात गुंडाळा आणि घरी आणा. झटकू नका. झटकल्याने भोकापाशी थांबलेलं पाणी काचेच्या मागे जातं.

घरी आल्यावर आईने तांदळाचा डबा पुढे केला. तांदूळ आतलं पाणी ओढून घेत नाही, उलट त्याचं पीठ भोकात आणि स्पीकरच्या जाळीत बसतं, आणि वर इंद्रायणी वाया जातो. हेअर ड्रायर, तवा, गाडीचं इंजिन, हेही नको. गरम हवेने वाफ आत खोल जाते, काचेचा डिंक सुटतो आणि लिथियमच्या बॅटरीला ती ऊब मानवत नाही.

आता खोलायचं. वॉरंटी चालू असेल तर इथेच थांबा आणि कंपनीकडे द्या. माझ्या यंत्राची वॉरंटी कधीच संपली होती. मागचे स्क्रू चांदणीच्या तोंडाचे असतात, त्यांचा छोटा पेचकस मोबाईल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळतो. स्क्रू मी इडलीपात्रात ठेवतो, एका खळग्यात एक, ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने. लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला की तो थेट बोर्डात घुसतो. झाकण एकदम उपटू नका, पडद्याची चपटी पट्टी दोन्हीकडे जोडलेली असते. तिच्या सॉकेटची बारीक काळी खिट्टी नखाने उचलली की पट्टी आपोआप सुटते. त्याआधी बॅटरीचा कनेक्टर काढा. बॅटरी फुगलेली दिसली तर ती परत बसवायची नाही.

भिंगाखाली धरल्यावर माझ्या बोर्डाची कहाणी लगेच कळली. यूएसबीच्या पाच पिनांपैकी चार चकचकीत होत्या. कडेची, पाच व्होल्टची, काळपट, तिच्या मुळाशी शेवाळासारखा हिरवा ठिपका. आदल्या रात्री कॉम्प्युटरला लावून मार्ग भरला होता आणि भोकावरचं रबरी झाकण मीच नीट दाबलं नव्हतं. खोक्यावर आयपीएक्स ७ लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ संथ पाण्यात एक मीटर खोल, अर्धा तास बुडालं तरी बिघडणार नाही. साठच्या वेगाने तोंडावर येणारा पाऊस, उघडं झाकण आणि दहा वर्षांचं कडक झालेलं रबर त्या हिशेबात नसतं.

धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी असतं आणि बहुधा ग्लिसरीनही. मऊ टूथब्रश भिजवून एकाच दिशेने, पिनांच्या ओळीने घासा, घाण उतरली की स्वच्छ अल्कोहोलने पुन्हा धुवा. बोर्डावरच्या पत्र्याच्या झाकणांखाली पाणी दडून राहतं, तिथे बोर्ड तिरका धरून कडेने अल्कोहोल सोडा, खालून निथळू द्या, असं तीन-चारदा. मी एकदाच केलं होतं, दुसऱ्या दिवशी झाकणाच्या कोपऱ्यात पांढरी रेघ आली आणि सगळं परत धुवावं लागलं. पडद्याच्या कडांना अल्कोहोल लावू नका. खिडकी उघडी ठेवा, शेगडी बंद, ते पेटतं.

वाळवण ही खरी कटकट. जुलैत साताऱ्यात रुमालसुद्धा वाळत नाही, उघड्यावर बोर्ड काय वाळणार! घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला. बुटांच्या नि पर्सच्या खोक्यातल्या दोन-तीन पुड्या पुरत नाहीत, त्या कधीच ओल पिऊन बसलेल्या असतात. सुटं जेल विकत घ्या. निळं जेल ओलं झालं की गुलाबी होतं. त्यातला कोबाल्ट विषारी असतो, स्वयंपाकाच्या तव्यावर ते तापवू नका. पडदा आणि बोर्ड दोन दिवस डब्यात राहू द्या. भाच्याने पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "मामा, लावून बघायचं का?" डब्यावर चिकटपट्टी मारून ठेवली.

जोडण्याआधी मल्टीमीटरने बॅटरी बघा. एका सेलची ३.७ व्होल्टच्या आसपास असली तर बरं. तीनच्या बरीच खाली गेली असेल तर नवीन घ्या. चालू झालं की आधी कॉम्प्युटरला लावून आपले मार्ग आणि खुणा उतरवून घ्या, कारण अशी यंत्रं आठवड्याने दगा देतात. मग गच्चीवर, मोकळ्या आकाशाखाली ठेवा. वीज बराच वेळ तुटली असेल तर उपग्रहांची यादी नव्याने घ्यायला साडेबारा मिनिटं लागतात. घरात ठेवून "सिग्नल नाही" म्हणून रडू नका.

क्रेडलच्या पिना त्याच अल्कोहोलने पुसा, गंज नखाने खरवडू नका, वरचा मुलामा जातो. रबरावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. व्हॅसलीन नको, काही रबरं त्याने फुगतात. शेवटी फ्यूज बसवा, त्याच अँपिअरचा.

माझा जीपीएस चालतो. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात मोसंबीच्या बीएवढा डाग राहिलाय आणि स्पीकर घोगरा झालाय. भोकाचं झाकण आता गाडी काढण्याआधी अंगठ्याने दाबतो, दोनदा.