वाद्यांशिवाय डू-वॉप बसवताना

डू-वॉप म्हणजे निरर्थक अक्षरांच्या साथीवर चार-पाच आवाजांनी मिळून गायची अमेरिकन गायकी. तिचा गट जमवायचा म्हटलं की सगळे आधी लीड, म्हणजे मुख्य चाल गाणारा शोधतात. तुम्ही आधी बेस, म्हणजे सर्वांत खालचा आवाज शोधा. ताल धरणं, आधारस्वर देणं आणि कॉर्ड (एकाच वेळी लागणारा स्वरांचा गुच्छ) कुठे बदलली ते सांगणं, ही तिन्ही कामं वाद्यं नसताना एकट्या बेसवर येतात. लीड एखाद्या ओळीत हलला तरी गाणं सावरतं, पण बेस उतरला की त्याच्या मागोमाग अख्खा गट उतरतो.

न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, शिकागो अशा शहरांतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या तरुणांनी १९४०च्या दशकाच्या शेवटापासून ही गायकी घडवली. वाद्यांना पैसे नसायचे, म्हणून डबल बेसच्या जागी ‘बॉम बॉम’ आलं, सॅक्सोफोनच्या जागी ‘वा’ आणि ड्रमच्या जागी चुटक्या. ‘शबूम’ किंवा ‘दू-वॉप’ गाताना आपण कोणतं वाद्य वाजवतोय हे ज्याला कळतं, त्याची अक्षरं आपोआप नेमकी पडतात. ब्रुकलिनमध्ये १९६२ साली जमलेला ‘पर्सुएशन्स’ हा पाच जणांचा गट पुढे कित्येक दशकं वाद्याविना गात राहिला. त्यांच्या ध्वनिमुद्रणांत फक्त बेसच्या मागे कान लावून ऐका, निम्मं शिक्षण तिथेच होतं.

आता प्रत्यक्ष बसवणं. लीड, पहिला टेनर, दुसरा टेनर (दोन्ही उंच आवाज), बॅरिटोन (मधला) आणि बेस असे पाच आवाज घ्या. या प्रकारातली असंख्य गाणी चार कॉर्डच्या एकाच चक्रावर फिरतात आणि हे चक्र सरगमीत सहज मांडता येतं. पुरुष आवाजांसाठी पांढरी एकचा सा धरा:

पहिली कॉर्ड: बेस सा, बॅरिटोन प, दुसरा टेनर तार सा, पहिला टेनर तार ग
दुसरी: बेस मंद्र ध, बॅरिटोन ध, दुसरा टेनर तार सा, पहिला टेनर तार ग
तिसरी: बेस मंद्र म, बॅरिटोन ध, दुसरा टेनर तार सा, पहिला टेनर तार म
चौथी: बेस मंद्र प, बॅरिटोन प, दुसरा टेनर नि, पहिला टेनर तार म

चौथीवरून पुन्हा पहिली. सगळे स्वर शुद्ध आहेत. वरच्या तीन आवाजांपैकी कोणीही एका पायरीहून जास्त हलत नाही आणि दुसरा टेनर तर तीन कॉर्ड सा धरून उभाच असतो. ही रचना मुद्दाम अशी आहे. नवखे गट प्रत्येक कॉर्डला उड्या मारतात आणि सूर नेमका उडीतच सुटतो. चौथ्या कॉर्डमधला रे आपण गाळला आहे. तो लीडच्या चालीत बहुधा येतो आणि नाही आला तरी अडत नाही.

चारच जण असाल तर दुसऱ्या टेनरला लीड द्या आणि बॅरिटोनला तार सा, तार सा, ध, नि असे स्वर द्या. पहिल्या कॉर्डमधला प जातो, पण कानाला त्याची उणीव फारशी भासत नाही.

पांढरी एकमध्ये मंद्र म सुमारे ८७ हर्ट्झवर येतो. बेसला हा स्वर भरीव लागतो का, ते पहिल्याच दिवशी पाहा. नुसती हवा येत असेल तर काळी एक किंवा पांढरी दोन अशी वरची पट्टी घ्या. घसा दाबून खाली पोचायचा हट्ट बेसने धरू नये, त्यात आवाज मोठा होत नाही आणि स्वर मात्र उतरतो.

सुरुवातीला ताल आणि शब्द बाजूला ठेवा. प्रत्येक कॉर्ड ‘ऊ’वर आठ संथ मात्रा धरा आणि चक्र दहा वेळा फिरवा. पट्टीपुरता सा हार्मोनियमवरून किंवा पिच पाइपवरून (फुंकून सूर देणारं छोटं साधन) घ्या. पुढचे स्वर तिच्यावर जुळवू नका. समान अंतरांवर जुळवलेल्या पेटीचा शुद्ध गांधार कॉर्डला हव्या असलेल्या गांधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा भाग. इथे हवा तो तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार. पहिल्या टेनरने तो अलगद खाली आणत न्यावा. जागा सापडली की कॉर्ड वाजू लागते: कोणीच गात नसलेला एक बारीक उंच स्वर कानात गुंजतो. तो पाचही जणांनी ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका, मग त्यात अख्खी बैठक गेली तरी चालेल. तानपुऱ्यावर रियाज केलेल्यांना तो लवकर सापडतो.

संथ गाण्यांचा ताल चार मात्रांचा, प्रत्येक मात्रेचे तीन भाग, म्हणजे तिस्र जाती. मिनिटाला ६० ते ७५ मात्रा पुरतात. चुटकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. समेवर टाळी द्यायची सवय असलेल्यांचा हात पहिल्या मात्रेवर जातोच, म्हणून आठवडाभर पहिल्या-तिसऱ्याला पाऊल आणि दुसऱ्या-चौथ्याला चुटकी असं नुसतं चालून बघा.

बेसच्या ‘बॉम’मध्ये ‘ब’ मात्रेच्या डोक्यावर पडावा, ‘ऑ’ आखूड असावा आणि लगेच ओठ मिटून स्वर ‘म्’वर लांबवावा. ‘ऑ’ लांबला की सगळं ढगळ वाटतं. वरच्या तिघांनी ‘वॉप’चा ‘प’ ओठ मिटून संपवायचा, फोडायचा नाही. तिघांचे तीन ‘प’ फुटले की लाह्या तडतडल्यासारखं ऐकू येतं. ‘ऊ’ला सगळ्यांच्या ओठांचा आकार सारखा हवा, एकाचे ओठ पसरट राहिले तर स्वर बरोबर असूनही कॉर्ड वाजत नाही. श्वास मात्र सगळ्यांनी एकाच जागी घेऊ नये. कोण कुठे घेणार ते कागदावर लिहून ठेवा.

गाणं संपल्यावर पुन्हा पिच पाइप वाजवून बघा. बहुतेक गट पाव ते अर्धा स्वर उतरलेले असतात. पहिला संशय दुसऱ्या टेनरवर घ्या: सा लांब धरताना तो थकतो आणि सा ते नि ही पायरी गरजेपेक्षा मोठी उतरतो. नि थोडा चढा वाटला तरी साच्या जवळच ठेवायला सांगा. दुसरा संशय बॅरिटोनच्या प ते ध या चढणीवर, तिथे पाऊल तोकडं पडतं. दोघांना लीडशिवाय, फक्त बेसबरोबर गाऊ द्या, चूक लगेच कळते. एवढं करूनही गाणं उतरत असेल तर पट्टी अर्धा स्वर बदलून पाहा. काही गाणी एका विशिष्ट पट्टीत कायम घसरतात आणि शेजारच्या पट्टीत टिकतात.

सरावाला अर्धवर्तुळापेक्षा वर्तुळ बरं, हातभर अंतरावर, बेसला सगळ्यांचे चेहरे दिसतील असं. जिना किंवा भुयारी रेल्वेचं स्थानक अशा घुमणाऱ्या जागा या गायकीला लाभल्या; ‘फाइव्ह सॅटिन्स’चं सर्वांत गाजलेलं ध्वनिमुद्रण १९५६ साली न्यू हेवनमधल्या एका चर्चच्या तळघरात झालं. घुमणाऱ्या जागेत गाण्याचा आनंद जरूर घ्या. मात्र आठवड्यातून एकदा गाद्या-पडद्यांच्या खोलीत गा, कारण घुमारा चुका झाकतो.

गट वीस-तीस वर्षं टिकवायचा असेल तर प्रत्येकाला दोन भाग आले पाहिजेत, स्वतःचा आणि शेजारचा. प्रत्येक गाण्याची भागांनुसार ध्वनिमुद्रणं ठेवा: एक आवाज मोठा, बाकीचे मंद. त्यामुळे नव्या माणसाला घरी तयारी करता येते आणि कोणी गेलं तर त्याचा भाग त्याच्याबरोबर जात नाही.

वयाबरोबर टेनरचा तार म दुखू लागतो. अशा वेळी पट्टी उतरवण्याची घाई होते आणि त्यात बेस तळाला जातो. त्यापेक्षा पट्टी तीच ठेवा आणि पहिल्या टेनरचे स्वर एक सप्तक खाली आणा. मग वरच्या तिघांच्या कॉर्ड ग-प-सा, ग-ध-सा, म-ध-सा, म-प-नि अशा होतात आणि तार साच्या वर कोणालाच जावं लागत नाही. शेवटच्या कॉर्डमध्ये म आणि प एकमेकांना घासतात, तेव्हा त्या दोघांनी आवाज निम्म्यावर आणून एकमेकांचं ऐकत गावं.