जुन्या पेट्रोल गाडीचा चारकोल डबा पुन्हा जोडताना

नव्वदच्या दशकातल्या कितीतरी पेट्रोल गाड्यांचं बॉनेट उघडलं की कडेला एक काळा डबा दिसतो. त्याचा एक पाइप लोंबकळत असतो, दुसऱ्यात बोल्ट खुपसून वर क्लिप आवळलेली असते. हाच चारकोल डबा, म्हणजे कॅनिस्टर. टाकीतून उठणारी पेट्रोलची वाफ तो कोळशात धरून ठेवतो आणि इंजिन चालू झालं की तीच वाफ जळायला पाठवतो. डबा तोडला, म्हणजे त्याचे पाइप काढून टाकले, की ती वाफ थेट हवेत जाते. नाशिकच्या मे महिन्यात बंद पार्किंगमध्ये येणारा उग्र वास बहुतेक वेळा तिचाच असतो. कसारा घाट चढून इगतपुरीला गाडी उभी केली की वास आणखी वाढतो, कारण टाकी तापलेली असते आणि उंचीमुळे हवेचा दाबही कमी झालेला असतो.

स्लो, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचं हळू चालणं, नीट लागत नाही म्हणून डबा तोडला जातो. खरा दोष बहुधा चिरलेल्या पाइपचा असतो, त्यामुळे आधी पाइप बदला.

काम मोकळ्या जागेत, थंड इंजिनवर करा. टाकीत पाव भागापेक्षा कमी पेट्रोल असू द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा. कोणताही पाइप तोंडाने ओढू किंवा फुंकू नका, सायकलचा पंप पुरतो.

डब्याला साधारण तीन तोंडं असतात: टाकीकडून येणारं, इंजिनकडे जाणारं आणि हवेसाठी उघडं असलेलं. बऱ्याच डब्यांवर नावं कोरलेली असतात, पुसून बघा. काही गाड्यांमध्ये कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) असतो, त्यांत फ्लोट चेंबरची, म्हणजे त्यातल्या छोट्या पेट्रोलसाठ्याची, वाफही एका वेगळ्या पाइपने इथेच येते. तो पाइप बूच लावून बंद करू नका. चेंबरमध्ये दाब साठतो आणि गरम इंजिन पुन्हा सुरू करताना पेट्रोल जास्त होतं.

आता डबा काढून हलवा. आत दाणे खुळखुळले तर जाळी फाटलेली आहे, आणि तो कोळसा पुढे कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, जाऊन बसतो. पातळ पेट्रोल डचमळत असेल तर कोळसा भिजून निकामी झालेला आहे. दोन्ही वेळा डबा बदलायचा, धुवून वाळवण्यात अर्थ नाही. ठीक असेल तर इंजिनकडचं तोंड बोटाने बंद करून टाकीच्या तोंडातून हळू हवा द्या. ती उघड्या तोंडातून सहज बाहेर यायला हवी.

सगळ्यात जास्त वेळ टाकीकडच्या लाइनीला द्या. गाडीखालून बहुधा तीन नळ्या येतात: पेट्रोल पुढे नेणारी, उरलेलं परत आणणारी आणि वाफेची. परतीची नळी चुकून डब्याला लागली तर डब्यात सरळ पेट्रोल ओतलं जातं, आणि गरम इंजिनशेजारी ते आगीला आमंत्रण आहे. अंदाजाने जोडू नका. टाकीपाशी वाफेची नळी सोडा, पुढून पंपाने हवा मारा आणि मागे त्याच तोंडातून हवा येते का ते हाताने पाहा. मागे पांढरा कपडा धरलात तर गंजाची पूडही दिसेल. टाकी जोडलेली असताना कॉम्प्रेसर कधीच लावू नका, पत्रा फुगतो. लाइनीत छोटा दुतोंडी वाल्व असेल तर तो उलटा बसू शकतो. सुझुकी पद्धतीच्या वाल्वमध्ये टाकीकडून हवा जाण्यासाठी थोडा जोर लागतो, डब्याकडून ती हलकेच जाते.

पाइप इंधनाचेच घ्या, एसएई जे30 आर9 हे इंधनाच्या पाइपचं मानक छापलेले. पाण्याचा किंवा साधा रबरी पाइप पेट्रोलमध्ये फुगून मऊ पडतो, आणि आताच्या इथेनॉलयुक्त पेट्रोलमध्ये जुना रबर आणखी लवकर खराब होतो. आतला व्यास नळीवर मोजूनच घ्या. पाइप नळीवर दोन-अडीच सेंटिमीटर चढवा, मगच क्लिप लावा.

इंजिनकडचा पाइप शेवटी जोडा. कार्ब्युरेटरवर त्याचं तोंड थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या) पातीच्या वर असतं. ओळखायचं असं: बॅटरी तेवढ्यापुरती जोडून इंजिन चालू करा. स्लोवर त्या तोंडाला बोट लावलं तर ओढ नसते, किंचित रेस दिली की बोट ओढलं जातं. स्लोवरच ओढ लागत असेल तर ते मॅनिफोल्डचं, म्हणजे पातीच्या पुढे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचं, तोंड आहे. तिथे जोडलं की स्लो बिघडतो, आणि पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) वाढण्याची शक्यता असते. मध्ये तापमानाचा वाल्व असेल तर थंड इंजिनवर तो बंद आणि गरमवर उघडा हवा. एमपीएफआय गाडीत, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या गाडीत, सोलेनॉइड (विजेवर उघडणारा वाल्व) असतो. वीज नसताना त्यातून हवा जाता कामा नये, 12 व्होल्ट दिले की टक् आवाज करून तो उघडतो.

टाकीचं झाकण न विसरता बघा. डबा तोडणाऱ्याने कधीकधी त्याला भोकही पाडलेलं असतं. ते तसंच ठेवलंत तर सगळी मेहनत त्या भोकातून निघून जाते. मूळ पद्धतीचं, बाहेरची हवा आत घेणारं पण वाफ बाहेर न सोडणारं झाकण लावा.

बॅटरी जोडा, इंजिन पूर्ण तापवा आणि स्लोवर इंजिनकडचा पाइप बोटांनी चिमटा. आवाज बदलला तर तोंड चुकलंय किंवा वाल्व गळतोय. मग दहा-बारा किलोमीटर चालवून झाकण उघडा. हलका फुस्स चालेल. जोरात हवा आत ओढली गेली तर झाकण हवा आत घेत नाही आणि डब्याचं उघडं तोंडही चिखलाने किंवा कुंभारमाशीच्या घराने बुजलेलं आहे. ते तसंच राहिलं तर पंपाला पेट्रोल ओढता येत नाही आणि गाडी चढावर दम सोडते.

पंपावर पेट्रोल भरताना पहिला कट झाला, म्हणजे नोझल आपोआप बंद झालं, की थांबा. वरची मोकळी जागा वाफेसाठी आहे. गळ्यापर्यंत भरलेलं पेट्रोल उन्हात फुगून नव्या डब्यात उतरतं.