पुनरुज्जीवित ओढ्याच्या तळातील गळती कशी रोखावी

नव्याने आखलेल्या ओढ्याचे पाणी तळात मुरू लागले की पहिली सूचना प्लास्टिकचा कागद अंथरण्याची येते; माझ्या मते ती शेवटची असावी. आधी गळती मोजावी. पाऊस नसलेल्या दिवशी, मध्ये दुसरा प्रवाह मिळत नाही अशा पट्ट्याच्या दोन्ही टोकांना पाण्याच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ (रुंदी गुणिले सरासरी खोली) आणि तरंगत्या वस्तूचा वेग यांचा गुणाकार करावा, व पृष्ठभागावरचा वेग सरासरीहून जास्त असल्यामुळे त्याला सुमारे ०.८५ ने गुणावे. यातून त्या टोकाचा विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारे पाणी, मिळतो; दोन विसर्गांतील फरक ही मुख्यतः गळतीच असते. पट्ट्याचे तुकडे पाडून मोजल्यास दोषी जागा सापडते.

बहुतेकदा दोष भरावाचा असतो. जुन्या ओढ्यात गोट्यांमधल्या फटी वाळूने आणि गाळाने वर्षानुवर्षे बुजत आलेल्या असतात. आपण मात्र एकाच मापाचे स्वच्छ गोटे टाकतो आणि पाणी त्यांच्यावरून वाहण्याऐवजी आतून वाहू लागते. (धुतलेली खडी काँक्रीटला चांगली, ओढ्याला नव्हे.) म्हणून प्रवाह बाजूने वळवून लहानमोठे दगड, खडी, वाळू आणि चिकणमातीयुक्त गाळ यांचा भराव सुमारे ३० सेंटिमीटरच्या थरांनी करावा आणि प्रत्येक थरावर पाइपने पाणी मारून बारीक माती फटींत उतरवावी. सुरुवातीला दगडांमधून बुडबुडे येतात व गढूळ पाणी झरकन खाली जाते; बुडबुडे थांबून पाणी थरावर साचून राहिले, तरच पुढचा थर घालावा.

खाली निव्वळ वाळू किंवा रेताड खडी असून भूजल खोल असेल, तर चिकणमातीचे अस्तर लागते. ओली माती अंगठा व तर्जनीत दाबून काढलेली पट्टी ५ सेंटिमीटरपेक्षा लांब निघाली, तर ती माती योग्य समजावी. किंचित ओलसर मातीचे १५ सेंटिमीटरचे किमान दोन थर धुमसाने ठोकून बसवावेत, कडा नेहमीच्या पाणीपातळीच्या वर काठांत रुतवाव्यात आणि माती वाळून तडकण्यापूर्वीच वर खडीचे आच्छादन घालावे. माती कमी प्रतीची असल्यास तीत बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) मिसळता येते, मात्र खारट पाण्यात ते पुरेसे फुगत नाही. प्लास्टिकचा कागद शेवटी ठेवण्याचे कारण हे की त्याच्याखाली भूजल चढले तर तो फुगून वर येतो.

पाणी सोडताना प्रवाह हळूहळू वाढवावा आणि काही दिवसांनी त्याच ठिकाणी पुन्हा मोजणी करावी. थोडी गळती उरली तरी ती बुजवण्याच्या मागे लागू नये, कारण खडीतून खेळणाऱ्या त्याच पाण्यावर जलकीटकांच्या अळ्या आणि माशांची अंडी जगतात.